हवेत धरलेले टाके

ड्रायक्लीनिंगच्या त्या दुकानात पुढे काउंटर होतं, मागे इस्त्रीचं वाफाळलेलं टेबल, आणि त्याच्याही मागे खिडकीपाशी रफूची अरुंद खोली. तिथे बसणाऱ्या बाईला सगळे बारीकताई म्हणत. ती बारीक अजिबात नव्हती. खुर्चीतून उठताना खुर्चीही थोडी तिच्याबरोबर उठायची. नाव पडलं होतं ते तिच्या कामावरून. कोटाला सिगारेटने पडलेलं भोक असो की शालीला खिळ्याचा ओरखडा, तिच्या हातून गेलेला कपडा परत मिळाला की गिऱ्हाईक उजेडात धरून भोक शोधत बसायचं, आणि सापडलं नाही की उगाच हिरमुसायचं.

तिचा नवरा शहरात बस चालवायचा. दिवसभर हॉर्नच्या वर आवाज काढायची सवय, त्यामुळे घरात मीठ मागायचं तरी तो शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं मागायचा. दोघांना मूल नव्हतं. आधी त्यावर बोलणं व्हायचं, मग भांडण व्हायचं, मग ते दोन्ही थांबलं. दुसऱ्या खोलीत आता त्याची सायकल आणि तिच्या लोकरीच्या पिशव्या राहत.

थंडीच्या तोंडाशी एक दिवस पलीकडच्या चौकातला घड्याळवाला एक राखाडी स्वेटर घेऊन आला.

"ताई, हे तुम्हीच करू शकाल असं मालक म्हणाले."

"मालक सगळ्यांना तेच सांगतात. दाखवा."

तिने स्वेटर मांडीवर पसरला आणि उजेडाकडे वळवला. खालच्या काठापासून गळ्यापर्यंत एक वेल चढत गेली होती. नेहमीची वेणीची वीण तिला झोपेतही आली असती, पण ही तशी नव्हती. दोन देठ एकमेकांवरून जात होते तिथे एवढीशीही फट नव्हती, ताण नव्हता. मागून पाहिलं तरी वेल तितकीच नितळ. छातीपाशी मात्र कसरीने एक पान खाऊन टाकलं होतं.

"कोणी विणलाय?"

"आईनं. वडिलांसाठी. ते गेल्यावर मी घालतो."

"मग त्यांनाच द्या ना. त्या एका बैठकीत करतील."

घड्याळवाला दाराच्या चौकटीकडे बघत राहिला. "आईनं बोलणं जवळजवळ सोडलंय, ताई. विणते अजून. पण जे विणते ते उसवते. सकाळी मी निघताना ती या वेलीवरून बोट फिरवते, खालून वर. तेवढा एकच काय तो आमचा संवाद. आता बोट या भोकापाशी अडतं. मग ती माझ्याकडे अशी बघते, जणू मी कोणाला तरी बाजारात विसरून आलोय. जेवणसुद्धा तुटलंय तिचं."

बारीकताईने काम ठेवून घेतलं.

वेणी घालायची म्हणजे काही टाके सुईवरून काढून तिसऱ्या, आखूड सुईवर बाजूला ठेवायचे, पुढचे आधी विणायचे, मग बाजूला थांबलेले. देठ एकमेकांवरून जातात ते असे. तिने त्याच जाडीची लोकर शोधली, नमुना विणून पाहिला. तिसरी सुई काढली की तिथे टाके ताणलेले दिसायचे, बारीकशी फट राहायची. तिने पातळ सुई घेतली. मग दाभण घेतलं. मग केसातला आकडा घेतला. फट राहिलीच. मूळ स्वेटरमध्ये ते टाके कुठल्याही धातूवर, लाकडावर थांबलेले नव्हते, एवढं तिला कळलं. मग थांबले होते कशावर? सुईशिवाय सोडलेला टाका घसरतो, एक ओळ उसवतो, मग खालची, मग त्याखालची. ते तर पोरीबाळींनाही ठाऊक असतं.

शेवटी ती स्वतःच उठून घड्याळवाल्याच्या घरी गेली. दुपारची वेळ होती. दार त्याच्या बायकोने उघडलं. ही बाई बोलायला लागली की वाक्याच्या शेवटी थांबायचंच विसरायची.

"या ताई, या, चपला राहू द्या आतच, बाहेर कुत्रं पळवतं. घड्याळ शोधताय का भिंतीवर? सगळेच शोधतात. घड्याळवाल्याचं घर आणि घरात एक घड्याळ नाही. हे म्हणतात, दिवसभर टिकटिक ऐकतो, घरी तरी जरा शांतता असू दे. मला वेळ विचारायला शेजारी जावं लागतं. आई आत आहेत. ऐकतील की नाही सांगता येत नाही हं."

आतली खोली स्वच्छ होती आणि फार शांत होती. खिडकीशी म्हातारी बसली होती, लहानशी, पाठीचा कणा अजून ताठ. हातात सुया, त्यांवर तीच वेल. बारीकताई दारातच उभी राहिली, कारण म्हातारी नेमकी देठापाशी आली होती.

तिने चार टाके सुईवरून ढकलले. तिसरी सुई नव्हतीच. टाके मोकळे झाले आणि तसेच उभे राहिले. खिडकीतून येणाऱ्या उजेडात ती चार इवलीशी कडी, कोणी चिमटीत धरावीत तशी. म्हातारीने पुढचे टाके सावकाश विणले, घाई न करता, मध्ये एकदा नाक पुसलं, मग मोकळे टाके सुईवर घेतले. ते घेताना तिने विणकाम किंचित डावीकडे कलतं केलं. मांडीशी उभ्या असलेल्या मुलाला आपण काही दाखवतो ना, तसं.

डावीकडे कोणी नव्हतं. फक्त खिडकी होती.

"लोकर खरखरीत असेल," बारीकताई स्वतःशीच म्हणाली. "म्हणून घसरत नसेल." तिने जवळ जाऊन लोकरीला हात लावला. लोकर लोण्यासारखी मऊ होती.

ती रोज दुपारच्या सुट्टीत तिकडे जायला लागली. म्हातारीच्या उजव्या बाजूला बुटकं स्टूल घेऊन बसायची आणि तिच्यासारखंच करायची. टाके सोडले की सर्रकन खाली. पुन्हा उचलायचे, पुन्हा सोडायचे, पुन्हा सर्रकन. म्हातारी बघायची, बोलायची नाही. घड्याळवाल्याची बायको, तिला ती आता वहिनी म्हणायला लागली होती, चहा आणायची आणि म्हणायची, "ताई, तुमच्याच्यानं पण होत नाही म्हटल्यावर मला किती बरं वाटतंय म्हणून सांगू. मला तर लग्नानंतर वर्षभर आईंनी बसवलं होतं. शेवटी म्हणाल्या, तू आपली भाजी चीर."

असंच एका दुपारी बारीकताईने कंटाळून टाके सोडले आणि ते पडले नाहीत.

टाके उभे होते. तिने श्वास धरला तर जाणवलं, की लोकरीला एक बारीकशी ओढ आहे. वाऱ्याने बसते तशी ती नव्हती, दुसऱ्या टोकाला कोणाचा तरी हात असला की दोरीला असते तशी होती. तिच्या डाव्या मनगटावर थोडा गारवा आला.

"धरलं तिनं," म्हातारी म्हणाली. बोलायची सवय गेलेला, धूळ बसलेला आवाज. "आता हळू. ओढू नकोस. ओढलं की ती सोडते."

"कोण, आई?"

म्हातारी खिडकीकडे बघून हसत होती.

बारीकताईने ओळ पूर्ण केली. देठ एकमेकांवरून गेले होते आणि मध्ये फट नव्हती.

निघताना तिने वहिनीला दारात गाठलं. वहिनी पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली. "माझी नणंद. म्हणजे झाली असती. यांच्यापेक्षा मोठी. आई विणायच्या तेव्हा ती त्यांच्या डाव्या गुडघ्याशी उभी राहून सोडलेले टाके बोटांत धरायची म्हणे. तिसरी सुई लागायचीच नाही. लहानपणीच गेली, तापात. मी फोटोसुद्धा पाहिला नाही. का हो ताई?"

"काही नाही. सहज."

तिने स्वेटर पूर्ण केला. कसरीने खाल्लेल्या जागी नवीन पान बसलं आणि जुन्या पानांत मिसळून गेलं. घड्याळवाला दुसऱ्या दिवशी मुद्दाम सांगायला आला, की आईचं बोट आज गळ्यापर्यंत गेलं आणि ती पोटभर जेवली. मालकाने इस्त्रीवाल्याला ऐकू जाईल असं म्हटलं, "बघ, काम असं असतं." तिथं हे सगळं संपायला हवं होतं.

पण कला हाताला लागली की हात गप्प बसत नाहीत. दुकानात काम कमी होतं, बाहेर ऊन होतं, पिशवीत राखाडी लोकर उरली होती. बारीकताईने सुया काढल्या, वेल सुरू केली, देठापाशी येऊन टाके मोकळे सोडले.

ते उभे राहिले.

तिने खोलीभर नजर फिरवली. हँगरवरचे कोट, रिळांचा डबा, भिंतीला टेकवलेली शिडी. पलीकडे इस्त्रीची वाफ फसफसत होती. आणि डाव्या मनगटावर तोच गारवा. भीती वाटली. पण तिने सुया खाली ठेवल्या नाहीत. तिने विणकाम किंचित डावीकडे कलतं केलं.

त्या दिवसापासून ती कामाला लवकर जायला लागली. खुर्चीच्या डाव्या बाजूला कपड्यांचा गठ्ठा असायचा, तो तिने उजवीकडे हलवला. इस्त्रीवाला तिथून घाईने जायला लागला तर म्हणायची, "जरा बघून." कशाला बघून, ते तिने सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. घरी आल्यावर ती दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची. सायकल तिने नवऱ्याला बाहेर ठेवायला लावली.

एका संध्याकाळी नवरा बूट काढता काढता थांबला. "कोणाशी बोलतेस गं?"

"मी? कुठे?"

"आत्ता म्हणालीस, हळू, हळू, असं."

"सुयांना म्हणाले असेन."

तो आत आला. तिच्या हातातलं विणकाम त्याने उचललं. एक लहानसा स्वेटर होता, राखाडी, पुढे वेल. मापाची पट्टी कुठे नव्हती. तिने माप घेतलंच नव्हतं. खांदा केवढा, बाही केवढी, हे तिला विचार न करता माहीत होतं.

"कोणासाठी आहे?" त्याने विचारलं, आणि इतक्या हळू विचारलं की तिला तो आवाज परका वाटला.

"नमुना आहे."

एरवी त्याने एखादी कोटी केली असती. विणकाम तिच्या मांडीवर ठेवून, खोलीच्या डाव्या कोपऱ्याकडे न बघता, तो बाहेर गेला.

नंतर वहिनी आली, दुकानात, धापा टाकत. "ताई, जरा घरी चला. आईंचे टाके पडतायत. टाके सोडतात आणि ते सर्रकन खाली. पुन्हा सोडतात, पुन्हा खाली. इतकी वर्षं मी कधी पाहिलं नाही असं. आता विणतच नाहीत, दाराकडे बघत बसल्यात. मी विचारलं कोणाची वाट बघताय, तर म्हणतात, उशीर झाला तिला."

बारीकताईच्या हातात त्या वेळी कोट होता. तिने सुईत दोरा ओवला. "उद्या येते हं वहिनी. आज फार काम आहे."

काम काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नव्हतं, आणि ती गेली नाही. त्यानंतरही नाही. स्वतःला ती सांगत होती, की म्हातारीचे हात थकले, वय झालं, माझा काय संबंध. छोट्या स्वेटरची एक बाही तेवढी राहिली होती, तिच्यावरही वेल होती. ती एकदा झाली की जाऊ.

पण वीण बिघडायला लागली. टाके अजून धरले जात होते, उलट फारच घट्ट धरले जात होते. मोकळे टाके परत घ्यायला जावं तर सुई आत शिरेना. वेल वाकडी व्हायला लागली. दर ओळीला ती थोडी बाजूला झुके, दाराच्या बाजूला, जणू कोणी तिला तिकडे ओढून नेतंय. बारीकताईने लाड केले, हळू म्हणाली, दम दिला. एका दुपारी टाके एवढे आवळले की लोकर तट्ट करून तुटली, आणि तिच्या मनगटावर पाच बारीक, लालसर खुणा उमटल्या. बाजाराच्या गर्दीत अनोळखी बाईचा हात चुकून धरलेलं पोर, ती आपली आई नाही हे कळल्यावरही हात सोडत नाही, कारण दुसरं धरायला काहीच नसतं. त्या खुणा तशा होत्या.

मग तिने तुटलेली लोकर जोडली, एक ओळ विणली, देठापाशी येऊन टाके मोकळे सोडले, आणि विणकाम तसंच, अर्धं, दोन्ही हातांत धरून दुकानातून बाहेर पडली. मालक मागून ओरडला, "बारीकताई, सुट्टी व्हायची आहे!" तिने मागे पाहिलं नाही. भर रस्त्याने ती चालत गेली. चौकात सिग्नलला तिच्यासमोर एक बस थांबली, लोक खिडकीतून बघायला लागले. टाके उघडे होते, प्रत्येक पावलाला थरथरत होते, पण पडले नाहीत. डाव्या बाजूने कोणी आलं की ती अंग मध्ये घालत होती.

वहिनीने दार उघडलं, तोंडही उघडलं, आणि तिचा चेहरा बघून मिटलं.

म्हातारी दाराकडेच बघत बसली होती. आटली होती बिचारी. बारीकताई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

"आई, घ्या. मला आधीच यायला हवं होतं."

म्हातारीने आधी तिच्याकडे पाहिलं नाही. तिच्या डावीकडे, कमरेच्या उंचीवर पाहिलं. मग हात पुढे केले. सुया एका हातातून दुसऱ्या हातात जाताना उघडे टाके क्षणभर दोघींच्या मध्ये राहिले, आणि बारीकताईला वाटलं की आपल्या मनगटावरची पकड सुटतेय, एकेक बोट. गारवा गेला. हात रिकामा आणि उबदार झाला, आणि ती ऊब तिला सहन होईना.

म्हातारीने टाके सुईवर घेतले. ओळ संपवली. लहान बाहीवरून हात फिरवून म्हणाली, "माप बरोबर आहे."

बारीकताई घरी जाऊन खूप रडली. नवरा आला तेव्हा अंधार पडायचा होता. स्वयंपाकघरात जाऊन त्याने चहा केला, फार गोड, आणि तिच्याजवळ जमिनीवर बसला. सायकल बाहेर होती ती त्याने बाहेरच राहू दिली.

थंडी सरत आली तेव्हा म्हातारी गेली. खुर्चीतच, दुपारी. घड्याळवाल्याने बारीकताईला बोलावून घेतलं. माणसं म्हातारीला आतल्या खाटेवर ठेवून बाहेर थांबली होती. तो म्हणाला, "ताई, खुर्चीवरचं ते विणकाम तेवढं तुम्ही बघा. आमच्यापैकी कोणाला हात लावायचं धाडस होत नाही."

सुया फरशीवर पडल्या होत्या. विणकाम खुर्चीच्या हातावर होतं, आणि त्याची वरची अख्खी ओळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कशाच्याही आधाराशिवाय उभी होती. वहिनी दारात होती. तिने ते पाहिलं आणि पदर तोंडात धरला.

बारीकताईने सुई उचलली, पण टाक्यांत घातली नाही. ती खुर्चीपासून दोन पावलं दूर उभी राहिली. शेजारी जागा ठेवून.

"जा आता," ती म्हणाली. "आई पुढे गेलीय. सोड."

डाव्या टोकाचा टाका पडला. मग त्याच्या शेजारचा. मग पुढचा. घाई नव्हती. एकेक करून सगळी ओळ सुटली, मग तिच्याखालची, आणि वेल वरून खाली उलगडत गेली, पान, देठ, पान, शेवटी खुर्चीवर नुसती राखाडी लोकर राहिली, नागमोडी. खिडकी बंद होती तरी पडदा एकदा हलला. वहिनी आत येऊन बारीकताईच्या खांद्याला धरून उभी राहिली आणि बराच वेळ एक शब्द बोलली नाही, ही त्या घरात त्या दिवशी घडलेली दुसरी मोठी गोष्ट.

पुढे बारीकताईने दुकान सोडलं नाही, पण सुट्टीच्या दिवशी आपल्या दुसऱ्या खोलीत बायकांना वीण शिकवायला लागली. वेलीची वीणसुद्धा शिकवते. तिसरी सुई प्रत्येकीने आणायचीच, हा तिचा नियम आहे. मधली फट राहते, आणि ती तशीच ठेवायला सांगते. वहिनीही येते. सगळ्यांत वाईट तीच विणते. मध्यंतरी एक नवी मुलगी तिसरी सुई घरी विसरून आली आणि हौसेने टाके मोकळे सोडून बसली. बारीकताई बोलता बोलता थांबली आणि त्या टाक्यांकडे बघत राहिली. टाके सर्रकन खाली गेले, मुलगी "अगं बाई!" म्हणून ओरडली, बायका हसल्या. बारीकताईने आपली सुई तिला दिली, आणि चहा टाकायला म्हणून आत गेली ती जरा उशिरानेच बाहेर आली.